परक्या सहीचा अ‍ॅम्प

तो अ‍ॅम्प मला आवडणार नाही, हे मी तो बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. परीक्षा घ्यायला जाताना मन कोरं ठेवावं, असं म्हणतात. ज्यांना कोरं ठेवता येतं त्यांनी ठेवावं. माझं मन त्या दिवशी काठोकाठ भरलेलं होतं आणि सगळं कडूच होतं.

आमचा हेवी मेटलचा बँड आहे. चौघांचा. गायक, जो बास गिटारही वाजवतो कारण बास वाजवणारे आमच्याकडे टिकत नाहीत. ड्रमवाला, ज्याच्या सासऱ्याच्या भांडुपमधल्या गाळ्यात आम्ही सराव करतो. मी गिटारवाला. आणि माझा जोडीदार, म्हणजे दुसरा गिटारवाला. तो आणि मी भांडुपच्या एकाच चाळीत वाढलो, एकाच गिटारवर आळीपाळीनं शिकलो. आता तो मुलुंडला टॉवरमध्ये राहतो आणि भांडुपबद्दल बोलताना 'तुमच्याकडे' म्हणतो. तुमच्याकडे पार्किंगचा त्रास आहे. तुमच्याकडे अजून तो वडेवाला बसतो का? हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

इतकी वर्षं वाजवून आमचं एकही गाणं धड रेकॉर्ड झालेलं नव्हतं. शेवटी अंधेरीच्या एका स्टुडिओत तारीख मिळाली. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्यानं अट घातली की दोन्ही गिटार आवाज मोठा करणाऱ्या एकाच पेटीतून, म्हणजे एकाच अ‍ॅम्पमधून जातील. माइक एकदा लावला की हलवणार नाही, तेवढा वेळ नाही. मग प्रश्न आला, अ‍ॅम्प कुणाचा? माझा जुना, की जोडीदारानं नुकताच घेतलेला, ज्याच्यावर एका परदेशी गिटारवाल्याची सही आहे तो?

जोडीदारानं ग्रुपवर लिहिलं, 'तुझे कान चांगले आहेत. तू ऐक, तू ठरव. तू नाही म्हणालास तर नाही.' एवढा मनाचा मोठेपणा मला संशयास्पद वाटला. त्याच्या स्वभावात तो कधीच नव्हता.

माझी मागणी फार नव्हती. आमची वयं, गुडघे आणि ऑफिसातल्या रजा बघता ही गाणी एकदाच रेकॉर्ड होणार होती, दुसऱ्यांदा नाही. त्यात माझा हात ऐकू यावा, एवढंच मला हवं होतं. मी मेल्यावर कुणी ते लावलं तर हा अमुक वाजवतोय, असं कळावं. हौशी माणसाला दुसरं काय मिळतं?

आणि माझा हात ओळखू येतो, हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणत नाही. ते आई म्हणते, आणि तीही शिव्या देताना. माझी पिक, म्हणजे तार छेडायची चकती, तारेवर बसण्याआधी जाड तारेला जराशी घासते. त्यातून खर्र असा आवाज येतो. आईच्या मते मी गिटार वाजवत नाही, नारळ खवतो. पूर्वी आम्ही दोघं घरी सराव करायचो तेव्हा ती स्वयंपाकघरातून न बघता ओरडायची, "तुझा खवन झाला की माका सांग मेल्या, डोक्याचो भुगो झालो." जोडीदार वाजवतो ते तिला खिळे ठोकल्यासारखं वाटतं. टक, टक, टक, सगळे सारख्या अंतरावर. पण तो पाहुणा. त्याचे खिळे सुरू झाले की ती आतून विचारायची, "तेका चाय व्हई काय इचार." मला खवताना कधी कुणी चहा विचारला नाही. माझ्या वाट्याला ओरडा, त्याच्या वाट्याला चहा, आणि इतक्या वर्षांत तिची एकदाही गफलत झाली नाही. तिला संगीतातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. कान मात्र अजून इतके शाबूत आहेत की शेजारणीच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या ते ती शेजारणीला सांगते.

तर त्या रविवारी दुपारी जोडीदाराच्या गाडीतून तो अ‍ॅम्प गाळ्याखाली आला. रविवारी आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटची लिफ्ट बंद असते, हे त्याला माहीत होतं. तरी तो खाली उभा राहून म्हणाला, "अरे यार, तुमच्याकडे लिफ्ट पण नाही चालू?"

म्हणजे ज्याला फाडायला मी आलो होतो त्याला मीच खांद्यावर घेऊन जिने चढवलं. खाली चार स्पीकरचं काळं कपाट, वर आणखी एक काळी पेटी, तिला आम्ही डोकं म्हणतो. कपाटाची पुढची बाजू माझ्याकडे, मागची जोडीदाराकडे. वळणावर तो म्हणायचा, "जाळीला हात लावू नको, जाळीला." जाळीवर ती सही होती. चंदेरी, वाकडी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर असते तशी. ज्याची सही होती त्यानं भांडुपचं नाव आयुष्यात ऐकलं नसेल, आणि मी त्याच्या सहीला घाम लागू नये म्हणून मान तिरकी करून चढत होतो.

हा सहीचा प्रकार मला मुळातच पटत नाही. एखादा मोठा गिटारवाला कंपनीकडून स्वतःला हवा तसा अ‍ॅम्प बनवून घेतो. मग कंपनी तो सगळ्यांना विकते. तुम्ही वायर खुपसली की त्याचा आवाज तुमच्या गिटारमधून येतो, आणि लोक यासाठी जीव टाकतात. आमच्या कोकणातल्या डबलबारीत दोन भजनीबुवा समोरासमोर बसतात आणि आळीपाळीनं गात एकमेकांची उणीदुणी काढतात. तिथे एका बुवानं दुसऱ्याची चाल उचलली तर समोरचा बुवा भर बारीत त्याची सालटी काढतो. इथे मात्र चाल नव्हे, आख्खा गळाच उसना घ्यायचा आणि वर मिरवायचं.

गाळ्यात पोचलो. खिडक्यांना गाद्या ठोकलेल्या, त्यामुळे वारा नाही. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून तोही बंद. कांजूरच्या बाजूनं कचऱ्याचा वास तेवढा बिनबोभाट आत येत होता. ड्रमवाला आणि गायक आधीच येऊन बसले होते. अ‍ॅम्प बघून गायक म्हणाला, "झकास." अजून कुणी वायरही लावली नव्हती. गायक लोकांचं असंच असतं, त्यांना रंग दिसला की आवाज कळतो.

जोडीदारानं आधी अगदी बारीक आवाजात वाजवून दाखवला. मी ताबडतोब थांबवलं. मुंबईतल्या आम्हा सगळ्या मेटलवाल्यांची हीच खोड आहे. घरात सोसायटीचा सेक्रेटरी वर येईल म्हणून आवाज एकवर ठेवून अ‍ॅम्प पारखायचा, बास आणि ट्रेबल, म्हणजे खालचे आणि वरचे सूर, भरपूर वाढवायचे, मधले सूर काढून टाकायचे, आणि खूश व्हायचं. मग ड्रम सुरू झाले की तोच आवाज पिठल्यासारखा पसरतो आणि गिटार शोधावी लागते. मी म्हटलं, "हे टॉवरचे चोचले इथे नकोत. नीट वाढव." ड्रमवाल्याला म्हटलं, "तू वाजव. गायका, तू पण." सगळ्यांच्या गोंगाटात तो अ‍ॅम्प कसा मरतो ते मला बघायचं होतं.

तो मेला नाही. जोडीदारानं तळहाताची कड तारांवर टेकवून ठोके सुरू केले आणि प्रत्येक ठोका ड्रमवाल्याच्या पायाच्या ठोक्यावर येऊन नेमका बसला. खालचे सूर घट्ट. कुठे लोंबणं नाही, कुठे गुरगुर नाही. हात थांबला की आवाजही तिथल्या तिथे थांबत होता, कारण अ‍ॅम्पच्या आतच गेट नावाची सोय होती. तार थांबली की ती मागची सगळी खरखर कापून टाकते. माझ्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये दोन ठोक्यांच्या मधे फुसफुस चालू असते. इथे शांतता होती.

मी खाली बसून ऐकलं, उभा राहून ऐकलं, दाराबाहेर जिन्यात जाऊन ऐकलं. आवाजाची धार वाढवणारा गेन कमी केला, मधले सूर वाढवले. तरीही चांगलाच. मला त्याचा फार राग आला. वाईट वस्तूचा राग येत नाही माणसाला, तिची कीव येते. चांगल्या वस्तूचा राग कुठे न्यायचा, हे कुणी शिकवत नाही.

"काय मग?" जोडीदार म्हणाला.

"गेट बंद कर," मी म्हटलं. त्यानं केलं. त्याबरोबर अ‍ॅम्प अशी शीळ घालायला लागला की ड्रमवाल्यानं कानावर हात ठेवले.

"एवढा गेन आहे त्यात, गेट लागणारच," जोडीदार म्हणाला. "त्याच्यासाठीच दिलाय."

"म्हणजे गेटशिवाय तो उभाच राहू शकत नाही."

"तू चष्म्याशिवाय राहू शकतोस का?"

गायक हसला. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो बासचे कान पिळायला लागला.

मग मी स्वतः वाजवलं. माझीच गिटार, माझीच पिक, आमचंच सर्वांत जुनं गाणं, ज्याची सुरुवात मी एकटा करतो. आणि तिथे मला खोट सापडली. खर्र गायब होतं. पिक तारेला घासत होती, बोटांना जाणवत होतं, पण गेट उघडायच्या आधीच ते संपत होतं. मी जोरात मारलं, हळू मारलं, मुद्दाम चुकीचं मारलं. अ‍ॅम्प सगळं दाबून सारखं करून देत होता. बाहेर येत होतं ते कुणाचंही असू शकलं असतं.

"यात मी नाहीये," मी म्हटलं.

"काय?"

"आवाज चांगलाय. पण यात मी ऐकू येत नाही."

"तूच वाजवतोयस ना रे?"

वाद वाढला की आमच्याकडे एक रीत आहे. तिला आम्ही डबलबारीच म्हणतो, कारण आमच्यातल्या तिघांचे बाप त्याच बाऱ्या ऐकत मोठे झाले. दोघांनी तोच तुकडा आळीपाळीनं वाजवायचा. उरलेल्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि पहिला की दुसरा एवढंच सांगायचं. भिंतीकडे अशासाठी की समोर बघितलं तर माणूस कानाऐवजी मैत्रीला मत देतो. हरलेल्यानं तोंड बंद ठेवायचं. कुठल्या तारा घ्यायच्या, सोलो कुणी वाजवायचा, सगळं आम्ही असंच सोडवत आलो. मी म्हटलं, "बारी लावू. अ‍ॅम्प हाच. फक्त कोण वाजवतंय ते ओळखा."

मला खात्री होती. ड्रमवाला कॉलेजपासून माझ्या पाठीमागे बसतोय. माझं खवणं त्याच्याइतकं आईशिवाय कुणी ऐकलेलं नाही.

दोघं भिंतीकडे वळले. आधी मी वाजवलं, मग जोडीदारानं. ड्रमवाला मान वर करून म्हणाला, "पहिला तो, दुसरा तू." गायकानं होकार दिला. दोघंही चुकले. पुन्हा केलं, क्रम बदलून. या वेळी दोघांची आपापसात जुंपली. एक म्हणे हा, दुसरा म्हणे तो. तिसऱ्यांदा ड्रमवाला वळलाच आणि हसत म्हणाला, "कळत नाय यार. दोघं सेम टु सेम येताय. भारीच की. रेकॉर्डिंगला हेच पाहिजे."

आणि यात त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्या संगीतात दोन गिटार एकमेकांवर तंतोतंत बसल्या तर आवाजाची भिंत उभी राहते. मी ज्याला खोट म्हणत होतो तोच त्या अ‍ॅम्पचा गुण होता. हे मला कळत होतं. कळत असूनही मी गप्प बसलो नाही. हरलेल्यानं तोंड बंद ठेवायचं, हा नियम बनवणाऱ्यांत मी होतो, आणि मीच तो मोडला.

"आता माझ्या अ‍ॅम्पवर," मी म्हटलं.

कोपऱ्यातला माझा जुना अ‍ॅम्प सुरू केला. त्याला तापायला वेळ लागतो. तोवर मी वायरी बदलल्या. पुन्हा दोघं भिंतीकडे. मी वाजवायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत ड्रमवाल्याचा हात वर गेला. "हा तू." गायकही म्हणाला, "हो, हा तूच."

"बघा," मी म्हटलं. "कशावरून ओळखलं ते सांगा त्याला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ड्रमवाला वळला नाही. भिंतीकडेच बघत म्हणाला, "उशिरा येतोस ना."

मला आधी कळलंच नाही.

"खर्र करून मग मारतोस तू," तो म्हणाला. "तेवढ्यात माझा पाय पडून गेलेला असतो."

जोडीदारानं गिटार खाली ठेवली. "सांगतोच आता," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी थांबतो. कायम. तुझ्यात आणि माझ्यात फट दिसू नये म्हणून मी पण मागे खेचतो. ड्रमवाला पण खेचतो. लोकांना वाटतं आमची स्टाइल आहे. स्टाइल कसली, आम्ही तुला सांभाळून घेतो."

"आज सांगतोयस?"

"तू ऐकून घेणाऱ्यातला आहेस का? हा अ‍ॅम्प मी का घेतला असेल? माझा आवाज ठीक होता. यात तुझी घसट कापली जाते, मग फट कानाला लागत नाही. तू वेळेवर वाटतोस. तुझ्यासाठी घेतला मी हा, आणि तू आल्यापासून थोबाड वाकडं करून बसलायस."

"मला सांभाळायला मी तुझ्या टॉवरमध्ये भाड्यानं राहायला आलो होतो का?" मी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. त्याचे खिळे, त्याची गाडी, त्याचं 'तुमच्याकडे', सगळं काढलं. तो म्हणाला, मी जळतो. मी म्हटलं, त्याच्याकडे जळण्यासारखं एक तरी स्वतःचं असेल तर दाखवावं, आवाज तर दुसऱ्याच्या सहीचा आहे. गायक दार उघडून जिन्यात जाऊन उभा राहिला. ड्रमवाला शेवटपर्यंत भिंतीकडेच बघत बसला, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचा आला, कारण तो माझ्याबद्दल वाईट बोलत नव्हता, फक्त खरं बोलला होता.

शेवटी जोडीदार म्हणाला, "ठरवणार तू होतास. ठरव."

मी नाही म्हणू शकत होतो. त्यानं शब्द दिला होता आणि तो पाळलाही असता. नाही म्हटलं असतं तर त्या गाण्यांत मी असतो, उशिरा, घासत, पण असतो. आणि बाकीचे तिघं मला सांभाळत मागे मागे खेचत राहिले असते, आता मला माहीत असताना. ते मला सहन झालं नसतं. "हाच वापरा," मी म्हटलं. "तुमच्या उपकाराची भिंत नीट उभी राहू दे." मी गिटार पिशवीत भरली आणि निघालो. तो अ‍ॅम्प खाली उतरवायला मी थांबलो नाही.

अंधेरीचं रेकॉर्डिंग ठरल्याप्रमाणे झालं. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. रेकॉर्डिंगवाला खूश होता. काचेपलीकडून म्हणाला, "दोन्ही गिटार एकदम टाइट. एकाच माणसानं वाजवल्यासारखी." जोडीदारानं माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. घरी जाताना त्यानं गाडीतून सोडू का, असं विचारलं, आणि मी रिक्षा केली. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

बऱ्याच दिवसांनी ग्रुपवर पहिलं गाणं तयार होऊन आलं. तेच जुनं, ज्याच्या सुरुवातीला मी एकटाच वाजवतो. रविवार सकाळ होती. आई आत बांगडे साफ करत होती, मी बाहेरच्या खोलीत एकटा. गाणं स्पीकरवर लावलं. आवाज मोठा ठेवला, सेक्रेटरीची पर्वा केली नाही. माझे ठोके सुरू झाले. स्वच्छ, घट्ट, वेळेवर. एकेक आपल्या जागी. मी इतकं चांगलं आयुष्यात वाजवलेलं नाही. मी ओरडा यायची वाट बघत होतो.

आतला नळ बंद झाला.

"तो कधी इलो रे?" आईनं विचारलं. "बऱ्याच दिवसांनी इलो. तेका चाय व्हई काय इचार."

जोडीदाराची गिटार अजून सुरू व्हायची होती.

"नको म्हणतो," मी म्हटलं.